खालच्या कापाला लावलेलं औषध

डाळिंबाची गुटी बांधताना संजीवक कुठल्या कापाला लावायचं हे मला ठाऊक नव्हतं, आणि तरी रोपवाटिकेत कामाला येणाऱ्या बायकांना ते मीच शिकवत होते. पेन्सिलीच्या जाडीची फांदी निवडायची, इंचभर साल गोल सोलायची, ओलं मॉस लावून वरून प्लास्टिक घट्ट बांधायचं, इथवर सगळं बरोबर होतं. आयबीए या मुळं फुटवणाऱ्या संजीवकाची पेस्ट मात्र मी खालच्या कापाला लावायला सांगायची. मुळं खाली जातात, म्हणून औषधही खाली, एवढाच माझा विचार. आमच्याकडे वर्षानुवर्षं गुटी बांधणारे एक मामा म्हणाले होते, "ताई, मुळ्या वरच्या कापालाच फुटतात, बघा सोडून." मी बघितलं नाही. औषधाची माहिती मला आहे, त्यांना नाही, असं मी धरून चालले होते.

ऑक्झिन हे वाढीचं संप्रेरक झाडाच्या शेंड्यात आणि कोवळ्या पानांत तयार होतं आणि पेशीपेशीतून खाली उतरतं. साल सोलली की ती वाट तुटते. पानांत बनलेली साखरही तिथेच अडते. दोन्ही वरच्या कापाशी साठतात, आणि तिथल्या ज्या पेशी एरवी खोडच वाढवत राहिल्या असत्या, त्या विभागून मूळ घडवायला लागतात. आयबीए हेही एक ऑक्झिनच, म्हणून वरच्या कापाला दिलेलं ते याच साठ्यात भर घालतं. खाली लावलेलं मातृवृक्षाच्या दिशेने उतरून जातं, गुटीच्या वाट्याला येत नाही.

ही चूक इतके हंगाम लपली, कारण पावसाळ्यात बांधलेल्या डाळिंबाच्या गुट्यांना औषधाशिवायही मुळ्या येतात. झाड आपल्या ऑक्झिनवर काम भागवत होतं आणि श्रेय मी माझ्या पेस्टला देत होते.

छाट कलमांत मात्र लपायला जागा नव्हती. आयबीए पाण्यात नीट विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून मग पाणी घालावं लागतं. मी ते सरळ पाण्यात ढवळायची, मुळ्या कमी आल्या की पुढच्या वेळी पावडर वाढवायची. लिटरला दोन ग्रॅम म्हणजे दोन हजार पीपीएम, डाळिंबाच्या काड्यांना साधारण तेवढं पुरतं. पुढे अल्कोहोल वापरायला शिकले, पण वाढवलेली मात्रा खाली आणली नाही. आता औषध पूर्ण विरघळत होतं आणि काड्यांचे बुडखे काळे पडत होते. मी बुरशी समजून बुरशीनाशकाच्या आळवण्या घालत राहिले.

खतासारखं 'थोडं जास्त, थोडा जास्त फायदा' हे गणित इथे चालत नाही. ऑक्झिनमुळे पेशी आपल्या भित्तिकेत आम्ल सोडते, भित्तिका सैल होते, आत पाणी शिरतं आणि पेशी लांबते. हे ठरावीक मात्रेपर्यंतच. त्यापुढे पेशी इथिलीन बनवू लागते आणि वाढ अडते. मूळ तर खोडाहून कितीतरी नाजूक: खोड लांबवणारी मात्रा मुळाला थांबवते. म्हणजे मूळ सुरू व्हायला ऑक्झिन भरपूर हवं, आणि सुरू झालेलं मूळ लांबायला ते कमी व्हायला हवं. मी रुजत आलेल्या काड्यांना मदत म्हणून पुन्हा तेच पाणी देत होते. उसातलं रुंद पानांचं तण मारायला वापरतात ते टू-फोर-डी याच कुळातलं आहे, हे मला आधी कळलं असतं तर हात आखडला असता.

जीएचं, म्हणजे जिबरेलिनचंही तेच. द्राक्षवाल्यांच्या घरी ते असतंच. लांब, सरळ काड्या मिळाव्यात म्हणून मी मातृवृक्षांवर फवारलं. काड्या सुरेख लांबल्या, पण जिबरेलिन मुळं फुटण्याच्या आड येतं, त्यामुळे त्या रुजल्याच कमी.

सगळ्यात मोठी चूक रोपं विकण्यातली. काडीवर पानं आली की मी ती तयार धरायची. १९५७ साली स्कूग आणि मिलर या शास्त्रज्ञांनी तंबाखूच्या पेशींवर दाखवून दिलं होतं की ऑक्झिन जास्त आणि सायटोकायनिन हे दुसरं संप्रेरक कमी असलं तर मुळं येतात, उलट झालं तर कोंब, आणि दोन्ही बेताची असली तर नुसता पेशींचा गोळा. फुटलेली पानं खालच्या मुळांची हमी देत नाहीत. शेजारच्या तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने नेलेली रोपं उन्हाळ्यात वाळली. मी त्याच्या ठिबकला दोष दिला. नंतर त्याने उपटून आणलेली रोपं पाहिली, तेव्हा बुडाशी फक्त गाठ होती. पैसे परत केले, पण त्याचा हंगाम मला परत करता आला नाही.

आता प्रत्येक खेपेला एक ओळ बिनऔषधाची ठेवते, आणि रोप विकण्याआधी त्या तुकडीतली काही उपटून शेतकऱ्याच्या हातात देते. गुट्यांना पेस्ट वरच्या कापाला लागते. ती कशी लावायची हे नव्या बायकांना मामा दाखवतात.