फेरीचा कागद कोणाचा?

मी शहाद्याचा. आमच्या गावाला रूळ नाही, पण बाप दोंडाईच्याच्या बाजूला रेल्वेत कीमन होता. रोज ठरलेला तुकडा पायी चालायचा. जाताना एक रूळ बघायचा, येताना दुसरा. एका फेरीत दोन्ही तपासून व्हायचे. तपासणीची फेरी कशी बांधायची, हे मी पुस्तकात नाही शिकलो, बापाच्या चालण्यात शिकलो.

1980 नंतर खानदेशातल्या एका साखर कारखान्यात ऑइलमन म्हणून लागलो. गळिताचा हंगाम म्हंजे रात्रंदिवस तीन पाळ्या. ऑफिसातून फेरीचा कागद आला. बेअरिंग नंबर एकपासून शेवटपर्यंत ओळीनं. नंबर पडलेले मशिनं बसवली त्या क्रमानं. त्यामुळं तेलाचा डबा घेऊन एकाच जिन्यावर चारदा चढउतार. आणि जे बेअरिंग तापलं की अख्खी मिल थांबते, त्याची पाळी शेवटी! कागद करणारा साहेब तो जिना कधी चढलाच नव्हता.

मग मीच फेरी बांधली. ज्याच्यावाचून गळीत थांबतं ते आधी : उसाचे तुकडे करणारे सुरे, मिलचे रोलर, बॉयलरला पाणी देणारा पंप. बाकीचं नंतर, वरच्या मजल्याकडून खाली. मिलची एक बाजू जाताना, दुसरी येताना. पान्याचं एक टोक बेअरिंगवर, दुसरं कानाला. आवाज बदलला की कळायचं. मिल थांबून पुन्हा सुरू झाली की कागद गेला खड्ड्यात, रोलर पहिले.

कौतुकासाठी सांगत नाही. मिल बंद पडली की यार्डात गाड्या खोळंबतात. तोडलेला ऊस वाळतो, साखर घटते, आणि तोडकऱ्याची पोरं थंडीत गाडीखाली निजतात. ती पोरं आपलीच.

पुढं काय झालं? माझी फेरी सुंदर अक्षरात लिहून भिंतीवर लागली. खाली सही दुसऱ्याची. बढती त्याला. मी डबा घेऊन तिथंच.

फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी हेच दुखणं मांडलं होतं. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. मुंबईच्या गिरण्यांत तर विणकाम खातंच आपल्याला बंद, कारण तिथं धागा तोंडानं ओढावा लागायचा. म्हंजे माणसानं कारखान्यात कुठवर चालायचं, ती फेरी जातीनं आधीच आखलेली!

1948 च्या कारखाना कायद्यात कलम 22 होतं. चालू मशिनला तेल देणारा माणूस खास शिकवलेला हवा, त्याचं नाव रजिस्टरात हवं, त्याला नेमणुकीचा दाखला आणि अंगाबरोबर बसणारे कपडे मालकानं द्यायला हवेत. मी सदरा कमरेला आवळून फिरलो. रजिस्टर कधी डोळ्यांनी बघितलं नाही.

आता बेअरिंगची थरथर मोजणारी यंत्रं आलीत. आकडे पडद्यावर दिसतात. पण आधी काय बघायचं, कुठं माणूस पाठवायचा, हे अजून माणूसच ठरवतो. तो कोण, हाच सवाल आहे.

म्हणून पोरांनो, कारखान्यात मोर्चा न्याल तेव्हा पगाराबरोबर हेही मागा : जो फेरी चालतो त्यानंच ती आखायची, आणि कागदावर नाव त्याचंच पडायचं. पाय आपले, कान आपले. मग पेन्सिल का दुसऱ्याच्या हातात?