गळतीचा माग

एखाद्या नमुन्यात प्रोपेन भरघोस निघाला की प्रयोगशाळेतली तरुण मंडळी हरखून जातात. मी आधी विचारतो, जीप कुठं उभी होती? जवळ डिझेलचा पंप होता का? उकिरडा? मातीतल्या वायूवरून तेलाचा माग काढायचा तर आपण मोजतो ते अब्ज भागांत काही मोजके भाग. त्यात धुराड्याचा एक झोतसुद्धा तेलक्षेत्राचा आव आणू शकतो.

तत्त्व सोपं आहे. खोलवरच्या साठ्यावर कितीही घट्ट झाकण असलं तरी मिथेन, इथेन, प्रोपेन, ब्यूटेन असे हलके वायू बारीक फटींतून वर झिरपत राहतात. जर्मनीत लाउबमायर आणि सोव्हिएत रशियात सोकोलोव यांनी १९३०च्या दशकात या झिरपण्याचा माग घ्यायला सुरुवात केली. मातीच्या पोकळ्यांतला मोकळा वायू पोकळ सळईतून थेट ओढून घेता येतो. पण हवेचा दाब बदलला, पाऊस पडून भोकं बुजली की आकडे हलतात. म्हणून माझा कल मातीच्या कणांना चिकटून बसलेल्या वायूकडे. तो सावकाश साठतो आणि कालच्या पावसाने विचलित होत नाही.

खानदेशात तापीच्या खोऱ्यात हे काम करताना पोकळ लोखंडी नळी घणाने ठोकत दोनेक मीटर खाली न्यावी लागते. वरचा भाग नांगरटीचा, खतांचा, उन्हाळ्यात भेगाळणारा. तो आमच्या कामाचा नाही. बांधावर जमलेल्या लोकांचा प्रश्न ठरलेला, "भाऊ, पाणी लागेल का?" नाही म्हणावं लागतं तेव्हा त्यांचा आमच्यातला रस तिथंच संपतो, आणि तेही योग्यच आहे. खालची माती ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात गुंडाळून पिशवी सीलबंद करायची. प्रयोगशाळेत चाळून काढलेला बारीक अंश निर्वात भांड्यात फॉस्फोरिक आम्लाने विरघळवायचा, सुटणारा कार्बन डायऑक्साइड पोटॅशच्या द्रावणात शोषून घ्यायचा, आणि उरलेला वायू गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये सोडायचा.

खरी गोम इथंच आहे. काळ्या मातीत चिकण जास्त आणि चुनखडीचे खडे भरपूर, त्यामुळे ती वायूही जास्त धरून ठेवते. नदीकाठच्या रेताड गाळात तेवढाच वायू झिरपत असला तरी आकडा लहान येतो. दोन्ही एकाच नकाशावर मांडले की तेलाचा नव्हे, मातीचा नकाशा तयार होतो, आणि असे नकाशे रंगवून ऐटीत भिंतीवर लावलेले मी पाहिले आहेत. काळीची तुलना काळीशी, गाळाची गाळाशी. मोठा आकडा नव्हे, त्याच मातीतल्या शेजाऱ्यांपेक्षा वेगळा वागणारा आकडा शोधायचा.

मिथेन तर जिवाणूही करतात, त्यामुळे एकट्या मिथेनला मी फारशी किंमत देत नाही. इथेन, प्रोपेन, ब्यूटेन एकमेकांच्या बरोबरीने वाढले तर कान टवकारावेत. जिवाणू ते लक्षणीय प्रमाणात करत नाहीत. पण त्याच वेळी इथिलीनही डोकं वर काढत असेल तर मुळं, कुजका पाला किंवा आमचीच गाडी संशयित. मिथेनमधल्या कार्बनच्या समस्थानिकांचं मापन पुढचा निवाडा करतं: साधारण उणे ५० ते उणे २० प्रति हजार या पट्ट्यातला मिथेन खोलवरच्या उष्णतेत घडलेला असण्याची शक्यता जास्त, आणि उणे ६०च्याही खाली गेलेला बहुतेक जिवाणूंचा.

एवढं सगळं निस्तरून जे उरतं ते फक्त सांगतं की खाली काहीतरी गळतंय. किती साठलंय, साठलंय की नाही, हे सांगत नाही. हिमाचलातल्या ज्वालामुखीच्या देवळात वायूची ज्योत शतकानुशतकं तेवते आहे. ओएनजीसीने १९५०च्या दशकात तिथं खोल विहीर घेतली, पण परवडेल असा साठा काही लागला नाही. शिवाय वायू सरळ वर येईलच असं नाही. प्रस्तरभंगाच्या वाटेने तो बाजूला सरकतो, आणि साठ्याच्या डोक्यावर मंद आकडे, कडेने कंकणासारखे जास्त, असंही घडतं.

तरी मी या पद्धतीचा पक्षपाती आहे, ते दख्खनच्या पठारामुळे. तिथले बेसाल्टचे थर, म्हणजेच ट्रॅप, भूकंपीय लहरी विखुरतात, त्यांच्याखालचं चित्र धूसर येतं. त्या काळ्या झाकणाखाली काय असेल याचा नेमही नाही. सौराष्ट्रात लोधिकेच्या विहिरीत ट्रॅपखाली मध्यजीव काळातले गाळाचे थर लागले. १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीला घेतलेल्या विहिरीत मात्र ३३८ मीटर बेसाल्ट संपल्यावर जेमतेम काही मीटर गाळ आणि लगेच पुरातन पायाभूत खडक. गाळाचा खडकच नसेल तर तेल येणार कुठून?

म्हणून ट्रॅपच्या मुलखात एखाद्या भंगरेषेच्या कडेने प्रोपेन-ब्यूटेन सलग वाढलेले दिसले तर मी लगेच विहिरीची भाषा करत नाही. तिथं दोन किलोमीटरऐवजी अर्ध्या किलोमीटरवर पुन्हा नमुने घेतो, मुद्दाम वेगळ्या मोसमात आणि वेगळ्या माणसांकडून. तेव्हाही चित्र टिकलं तरच नकाशा भूकंपीय सर्वेक्षणवाल्यांकडे जातो, आणि सोबत एक विनंती: रेषा या पट्ट्याला आडव्या टाका.