दोन नौका

दोन बाजू तोलणे हा वकिलाचा धर्म. पण शिडाच्या नौकांच्या बाबतीत माझा कौल फार दिवस वेगाकडेच होता. मुंबईत सागवानात बांधलेली ३२ फुटी ‘सुहैली’ घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८ साली निघाले आणि एकट्याने, कोठेही न थांबता, ३१२ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. २०२५ साली शार्ली दालँ यांनी कार्बनच्या ६० फुटी नौकेतून ती ६४ दिवसांत पुरी केली. शर्यतीचा दावा येथेच निकालात निघतो.

परंतु वाटेत ‘सुहैली’चे स्वयंचलित सुकाणू मोडले, तेव्हा शिडांचा तोल साधताच तळाच्या लांब कण्याच्या बळावर ती आपली दिशा आपणच धरून चालली. नव्या नौकेला यंत्राची अखंड राखण लागते. मग दूरच्या प्रवासाला जुनीच निर्धोक म्हणावी काय? तिच्याच आराखड्यावर गोव्यात बांधलेली ‘थुरिया’ २०१८ साली हिंदी महासागरातील वादळात उलटली, डोलकाठी मोडली आणि अभिलाष टॉमी जायबंदी झाले. समुद्रापुढे जुने निवाडे दाखवून भागत नाही.

तरीही चाळिशी उलटल्यावर मला लवकर पोहोचणारीपेक्षा, हात सुटला तरी दिशा न सोडणारी नौका अधिक जवळची वाटू लागली आहे.