मोहोळाचे बळ

भर हंगामात कामकरी माशी जेमतेम पाच-सहा आठवडे जगते. परंतु तिचे मोहोळ वर्षानुवर्षे नांदते. हे बळ मोहोळाला कोठून मिळते, याचे उत्तर अमेरिकेतील एका अरण्यात सापडले.

व्हॅरोआ नावाचा एक तांबूस कोळी मधमाश्यांवर जगतो. टाचणीच्या माथ्याएवढा हा जीव गोचिडीप्रमाणे माशीला चिकटतो, बंद घरांतील पिलांवर पोसतो आणि रोग पसरवितो. तो मूळचा आशियातील मधमाशीवरचा. सह्याद्रीतील सातेरी माशी याच जातीची. या माश्या एकमेकींच्या अंगावरील कोळी टिपून काढतात. युरोपीय मधमाशीला मात्र हा शत्रू अनोळखी होता. १९८७ मध्ये तो अमेरिकेत आढळला आणि पुढे मधपेट्यांतील असंख्य वसाहती ओस पडल्या. मधपाळांनी औषधे वापरली. पण काही औषधांना कोळी लवकरच दाद देईनासे झाले.

न्यूयॉर्क राज्यातील आर्नोट अरण्यात थॉमस सीली या शास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये झाडांच्या ढोलींतील मोहोळे शोधली होती. २००२ मध्ये त्यांनी पुन्हा शोध घेतला, तेव्हा मोहोळे जवळजवळ पूर्वीइतकीच आढळली. कोळी तेथेही होते. औषध मात्र कोणी दिले नव्हते. हा विजय स्वस्त नव्हता. त्या परिसरातील जतन केलेल्या जुन्या माश्यांशी नव्यांची तुलना केली असता, मधल्या काळात पुष्कळ मोहोळे मेली असावीत, असे दिसून आले. जी तगली, त्यांचाच वंश वाढला.

त्यांच्या राहणीचाही त्यांना आधार होता. ढोल्या लहान आणि एकमेकींपासून दूर असल्याने रोग सहज पसरत नाही. झाडांची राळ आणून माश्या ढोलीच्या भिंती लिंपतात. तिने जंतूंना आळा बसतो. जुनी राणी थवा घेऊन गेली म्हणजे काही दिवस मोहोळात नवी अंडी पडत नाहीत आणि कोळ्यांची वाढ खुंटते. अधिक मधासाठी मनुष्याने मात्र मोठ्या पेट्या जवळजवळ मांडल्या व थवे रोखले.

आज काही मधपाळ औषधाविना माश्या पाळतात. ते लहान पेट्या दूरदूर ठेवतात, मध बेताने काढतात आणि तगलेल्या वसाहतींपासूनच नव्या वाढवितात. परंतु औषध न देणे म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे. कोळ्यांनी जर्जर झालेली वसाहत तशीच सोडली, तर तिचा मध लुटण्यास आलेल्या माश्या मधाबरोबर कोळीही नेतात आणि शेजाऱ्याच्या पेट्या संकटात येतात. म्हणून माशीच्या बळावर विसंबणाऱ्या मधपाळाला कोळ्यांची मोजदाद अधिकच दक्षतेने करावी लागते.