चार बाइट

‘तू कॉन्व्हेंटची ना? मग इंग्लिश सेक्शनला दे!’ असं मासिकाच्या मीटिंगमध्ये मला तिघा-चौघांनी ऐकवलं. म्हणून मुद्दाम इथे देतेय. माझं मराठी म्हणजे घरी आईशी बोलण्यापुरतं आणि दहावीला पास होण्यापुरतं. एकोणसत्तर म्हणजे सिक्स्टी नाइन की सेव्हन्टी नाइन, हे मला अजूनही मनात उलटं मोजून ठरवावं लागतं. हसू नका, पुढे याचा संबंध येणार आहे.

टी.ई.ची परीक्षा संपल्यावर सुट्टीत सहा आठवड्यांच्या ट्रेनिंगसाठी मी कोल्हापुरातल्या एका नेटवर्क कॉन्ट्रॅक्टरकडे लागले. माझ्या रूममेटला हिंजवडीत एसी ऑफिस आणि कूपनवर जेवण मिळालं. मला मिळाली एक जीप, एक छत्री आणि मामा. मामा म्हणजे तिथले सर्वांत जुने टेक्निशियन. साहेबांपासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणतात. शिक्षण आयटीआय, पण फायबर जोडताना त्यांचा हात बघावा. आपल्या लॅबमध्ये अर्धा तास लागतो ते काम ते जीपच्या बॉनेटवर उभ्या-उभ्या करतात.

काम असं होतं. एका पतसंस्थेचं मुख्य कार्यालय तालुक्याच्या गावी आणि शाखा आजूबाजूला विखुरलेल्या. प्रत्येक शाखा मुख्य कार्यालयाला अशी जोडायची, की जणू दोन्ही एकाच इमारतीत आहेत. याला ‘बिझनेस इथरनेट’ म्हणतात आणि अशा दोन टोकांच्या जोडणीला ‘ई-लाइन’. शाखेत आम्ही एक छोटा डबा बसवतो. त्याला तसाच पोर्ट असतो, जसा आपल्या हॉस्टेलच्या भिंतीत आहे. शाखेने त्यात केबल खुपसायची, बस्स. पलीकडे काय आहे ते त्यांनी बघायचं नाही.

खरी गंमत पलीकडेच आहे. बाजारपेठेतल्या शाखेपर्यंत स्वतंत्र फायबर होती. एसटी स्टँडजवळच्या शाखेला जीपॉन होतं, म्हणजे एकच फायबर पुढे स्प्लिटरने वाटलेली. खाली येताना २.४८८ गिगाबिट, वर जाताना १.२४४, आणि त्यात आजूबाजूच्या घरांचाही वाटा. वर पाठवताना प्रत्येकाला आपापली वेळ येईपर्यंत थांबावं लागतं, आपल्या मेसच्या रांगेसारखं! एक शाखा अजून टेलिफोनच्या तांब्याच्या दोन जोड्यांवर होती. तिथे दोन जोड्यांचा वेग एकत्र करून कसेबसे चार एमबीपीएस निघायचे. आणि गारगोटीच्या पुढे डोंगरातली एक शाखा अशी, की तिथे जाणारी फायबर रस्त्याच्या कामात सारखी तुटायची. तिला आम्ही रेडिओवर घेणार होतो. ५ गिगाहर्ट्झचा परवानामुक्त पट्टा, समोरच्या डोंगरावर टॉवर, अंतर सुमारे सात किलोमीटर.

पोर्ट मात्र चारही ठिकाणी सारखाच. करारही सारखाच.

मला वाटायचं, इथरनेट म्हणजे इथरनेट, त्यात गॅरंटी कसली? मुळात ते एका इमारतीसाठीच होतं. २२ मे १९७३ ला रॉबर्ट मेटकाफ यांनी झेरॉक्सच्या पालो आल्टोच्या प्रयोगशाळेत त्याचा मेमो लिहिला. एका कोॲक्स केबलवर सगळे कॉम्प्युटर, वेग २.९४ एमबीपीएस, आणि दोघे एकदम बोलले की टक्कर. (त्यांना २०२२ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं.) पुढे कंपन्यांना वाटलं, शहरभर हेच न्यावं. २००१ मध्ये मेट्रो इथरनेट फोरम निघाला आणि ग्राहकाला नक्की कशाचं वचन द्यायचं याच्या व्याख्या लिहिल्या गेल्या. त्यातली सीआयआर आणि ईआयआर ही जोडी मी परीक्षेला पाठ करून गेले होते. समजली मात्र मामांमुळे. ‘सीआयआर म्हणजे रतीब,’ ते म्हणाले. ‘रोजचं दोन लिटर ठरलंय, ते पाऊस असो, लग्न असो, दारात आलंच पाहिजे. ईआयआर म्हणजे वरचं. म्हशीनं जास्ती दिलं तर मिळंल, नाहीतर बोलायचं नाही.’ माझ्या नोट्समधली दीड पानं दोन वाक्यांत!

तर रेडिओची ती शाखा. जून सुरू झालेला, शनिवार संध्याकाळ, कामकाज बंद झाल्यावर आम्ही तिथे पोचलो. मामा गच्चीवर अँटेना आवळायला गेले आणि खाली डब्याचं सेटिंग मला दिलं. माझ्यावर सोडलेलं पहिलं काम! प्रत्येक शाखेच्या लाइनला एक नंबर असतो, व्हीलॅन म्हणतात. डबा प्रत्येक फ्रेमवर तो नंबर लिहितो, म्हणून एकाच तारेवरून दहा गिऱ्हाइकांचा माल गेला तरी मिसळत नाही. मामा वरून ओरडले, ‘एकशे एकोणसत्तर!’ मी १७९ टाकला. सत्तर ऐकलं, नऊ ऐकलं, झालं. अर्थात काहीच चालेना. पाच मिनिटांत चूक सापडली. मामा इतके हसले की छत्री हातातून पडली. त्यानंतर ते मला ‘वन सिक्स नाइन’ असं एकेक अक्षर सांगायला लागले.

ही चूक बरी होती. काहीच चालत नव्हतं, म्हणून लगेच कळली.

मग टेस्ट. अशा लाइनची तपासणी कशी करायची ते १९९९ च्या आरएफसी २५४४ मध्ये लिहिलंय: ६४ बाइटच्या फ्रेमपासून १५१८ पर्यंत सात आकार, प्रत्येक आकाराला लाइन तपासायची. फॉर्मवर सात ओळी छापलेल्या होत्या. आठवी ओळ मामांनी पेनाने वाढवली होती: १५२२. का, ते मी विचारलं नाही. पाऊस जोरात, वीज गेलेली, टेस्टरची बॅटरी लाल. पहिले चार आकार मी नीट केले. चारही पास. मग मी मुख्य कार्यालयाला पिंग करून बघितलं, उत्तर झटकन आलं. उरलेल्या चार ओळींत मी डिट्टोच्या खुणा केल्या. जर्नल लिहिताना करतो तशा, अगदी सहज. मामा भिजून खाली आले आणि म्हणाले, ‘केलंस सगळं?’ मी हो म्हटलं. त्यांनी फॉर्म वाचला नाही, सही केली.

रविवार सुट्टी. सोमवारी अकराला फोन. ‘लाइन चालती पण चालत नाही.’

त्या सोमवारी दूध बिल होतं. डेअरी दर दहा दिवसांचा हिशेब करते आणि उत्पादकांचे पैसे या शाखेतून वाटले जातात. म्हणजे शाखेत त्या दिवशी जत्रा. पाऊस धो-धो. ऑफिसमध्ये सगळ्यांचं एकमत: पावसानं सिग्नल खाल्ला. मीही जीपमध्ये मामांना ‘रेन फेड’ समजावून सांगत होते, त्यातही अर्धं इंग्रजीत. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, ‘पाच गिगाला?’ मी गप्प. अठरा-तेवीस गिगाहर्ट्झला पाऊस खरंच खातो. पाचला सात किलोमीटरवर जेमतेम एक-दोन डेसिबल जातात. हे मला सेमिस्टरला आलेलं होतं, मार्कही मिळाले होते!

शाखेत पाय ठेवायला जागा नव्हती. कॅशियर मॅडम म्हणाल्या, ‘मी सकाळपासून बघतो, लॉगिन होतंय, एकेकाचा बॅलन्स दिसतोय, यादी उघडली की गोल गोल फिरतंय.’ (कोल्हापूरकडच्या बायका ‘मी बघतो’ म्हणतात. मला आधी ते चुकीचं वाटायचं, आता मीच हॉस्टेलवर म्हणते.) मामांनी रेडिओचं पान उघडलं. सिग्नल उणे ६२, शनिवारचाच आकडा, काटा हललेला नाही. पिंग चालू.

छोटं जातंय, मोठं अडकतंय. माझ्या पोटात गोळा आला.

इथे थोडं गणित सांगते. इथरनेटच्या फ्रेममध्ये जास्तीत जास्त १५०० बाइट माल. पत्ता वगैरे धरून १५१८. शाखेचा राउटर काउंटरचे कॉम्प्युटर आणि कॅमेरे वेगळे ठेवायला स्वतःचा चार बाइटचा टॅग लावतो, झाले १५२२. त्यावर आमचा डबा आपला १६९ वाला टॅग लावतो, पाकिटावर दुसरं पाकीट, आणखी चार. १५२६. फायबरवरच्या नव्या स्विचांना याचं काही वाटत नाही. २००६ मध्येच प्रमाणात २००० बाइटपर्यंतची सोय झाली. पण या रेडिओच्या सेटिंगमध्ये कमाल आकार १५२२ होता. त्याच्यापेक्षा मोठं पाकीट आलं की तो ते टाकून देतो, आणि सांगतही नाही. पिंग विंडोजमध्ये आपणहून ३२ बाइटच पाठवतं. ते आरामात जातं. पूर्ण भरलेली फ्रेम मात्र कधीच पलीकडे पोचत नाही, आणि यादी उघडायची म्हणजे सगळ्या भरलेल्या फ्रेम.

मी काउंटरच्या कॉम्प्युटरवरून मोठं पिंग टाकून बघितलं. १४७२: उत्तर नाही. कमी करत आणलं. १४६८ गेलं. १४६९ नाही. शेवटच्या ओळीतला १५२२ पाठवला असता, तर हेच शनिवारी तीस सेकंदांत दिसलं असतं. डिट्टो केलेल्या बाकीच्या तिन्ही ओळी पासच झाल्या असत्या, एवढीच एक नापास. ती ओळ मामांनी कशाला लिहिली होती ते आता कळलं.

‘मामा, ती खालची ओळ मी केली नव्हती,’ मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘आधी लाइन.’

रेडिओच्या मेनूत १५२२ चे १६०० करायचे होते, दोन्ही टोकांना. मामांनी मला थांबवलं. लांबचं टोक आधी! जवळचं आधी रीस्टार्ट करताना काही बिघडलं तर लांबच्या टोकापर्यंत पोचणार कसं? डोंगर चढून. हे कुठल्याही पुस्तकात नाही, निदान आपल्या लायब्ररीतल्या तरी नाही. तीन वाजून वीस मिनिटांनी यादी उघडली.

तोपर्यंत बरेच लोक निघून गेले होते. मॅडम कुणाशी तरी बोलता बोलता म्हणाल्या, ‘त्या वाडीवरच्या आजी नवापासून बसल्या होत्या. पेंड न्यायची होती त्यांना. एकच्या यष्टीनं गेल्या.’ त्या मला बोलत नव्हत्या. त्यांना माहीतच नव्हतं की चूक माझी आहे. त्यांच्या लेखी मी पावसात धावत आलेली इंजिनीअर होते, त्यांनी मला चहा पाजला. तो चहा प्यायला मला फार जड गेला.

मग ऑफिसमधून साहेबांचा फोन. करारात असं असतं, की लाइन ठरल्यापेक्षा जास्त वेळ बंद राहिली तर बिलातून पैसे कापले जातात. पण नैसर्गिक कारण असेल तर नाही. साहेब म्हणाले, ‘एवढा पाऊस पडतोय, कारण हवामान टाका.’ फोन स्पीकरवर होता. मामांनी तो ठेवला, रिपोर्टचा कागद माझ्यापुढे सरकवला आणि बाहेर जाऊन बिडी पेटवली.

खरं सांगते, मी पाचेक मिनिटं पेन हातात धरून बसले. ‘हवामान’ लिहिलं असतं तर सगळे खूश. पतसंस्थेलाही ते पटलं असतं, सकाळपासून तेच म्हणत होते ना सगळे! माझं नाव कुठेच आलं नसतं. पण सही मामांची होती. आणि पुढच्या शाखेतही असाच रेडिओ बसणार होता. तिथल्या माणसाने हा रिपोर्ट वाचला तर तो पाऊस थांबायची वाट बघत बसला असता. मी जुना फॉर्म फाडायला घेतला, तर मामा दारातून म्हणाले, ‘फाडायचं नाही. खाली लिही.’

मी मराठीत लिहिलं, कारण सही कॅशियर मॅडमची लागणार होती. ‘शनिवारी शेवटचे चार आकार तपासले नव्हते. रेडिओची फ्रेम मर्यादा चार बाइटने कमी पडली. आज दुरूस्ती करून आठही आकार तपासले.’ आणि या वेळी खरंच तपासले, टेस्टर मॅडमच्या प्लगला लावून, एकेक करून. मॅडमनी वाचलं. माझ्याकडे एकदा बघितलं, मग लाल पेनने ‘दुरूस्ती’चा रू ऱ्हस्व केला आणि सही केली. चहाबद्दल मी सॉरी म्हटलं, ते त्यांना कळलं नाही.

कॉन्ट्रॅक्टरला त्या महिन्यात पैसे कापून मिळाले. माझ्या सर्टिफिकेटवर ‘सॅटिसफॅक्टरी’ आलं. रूममेटच्या सर्टिफिकेटवर ‘एक्सलंट’ आहे, ते तिने कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलंय. शेवटच्या दिवशी मामा जीपने स्टँडवर सोडायला आले होते. बस लागली तेव्हा त्यांनी विचारलं, ‘एकोणऐंशी म्हणजे किती?’

सेव्हन्टी नाइन. जरा वेळ लागला, पण बरोबर सांगितलं.