दस्ता आधी, नळी नंतर

ट्रॅपच्या रेंजवर पहिल्यांदा येणाऱ्या तिशीतल्या मुलांचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो. गुरुग्रामच्या सायबर सिटीत नोकरी, हातात पहिल्यांदाच थोडा खुळखुळणारा पैसा, अमेरिकन व्हिडिओ पाहून पाठ झालेली मॉडेलांची नावं. “सर, पहिली पंप कुठली घेऊ?” विचारताना डावा हात नकळत हवेत मागे-पुढे होतो. तो खटाक्‌ आवाज सिनेमानं आपल्या सगळ्यांच्या कानात बसवलेला आहे.

मी सांगतो, “कुठलीच नाही.” चेहरा पडतो. मग चहा मागवून सविस्तर सांगावं लागतं.

पंप बंदूक वाईट नाही, हे आधीच कबूल करतो. मुख्य नळीखाली दुसरी नळी, तिच्यात काडतुसं एकामागे एक भरलेली. पुढची मूठ मागे ओढली की रिकामं काडतूस बाजूनं बाहेर, पुढे ढकलली की नवं आत. वायूच्या दाबावर चालणारं काही नाही. माणसाचा हात हेच तिचं इंजिन. त्यामुळे चिखल, पाऊस, बर्फ काहीही असो, ती सहसा दगा देत नाही. जॉन ब्राउनिंगनं आखलेली विंचेस्टर १८९७, त्याच कंपनीची १९१२ची मॉडेल १२ आणि १९५०मध्ये आलेली रेमिंग्टन ८७० ही या घराण्यातली मोठी नावं. एकट्या ८७०चा खप एक कोटीच्या पुढे गेला आहे.

मिनेसोटात किंवा टेक्ससात राहणाऱ्या एखाद्या मराठी घरातल्या मुलानं हाच प्रश्न विचारला, तर मी खुशाल पंप घे म्हणेन. बारा बोअरची, २८ इंची नळीची, चोक, म्हणजे नळीच्या तोंडाचा आवळ, बदलता येणारी. रविवारी क्ले, म्हणजे हवेत उडवलेल्या बशा, फोड, हंगामात फेझंट नाही तर होले मार. स्थलांतरी पक्ष्यांच्या शिकारीत एका वेळी तीनच काडतुसं भरता यावीत म्हणून आत दट्ट्या बसव, आणि बदकांवर शिशाचे छर्रे वापरू नकोस; तिथे १९९१पासून त्यांना बंदी आहे. स्वस्त, दणकट आणि दोन्ही कामांची. तिकडच्या नवशिक्याला याहून शहाणा सल्ला देता येणार नाही.

गुरुग्राममध्ये मात्र या दोन कामांपैकी तिच्यासाठी एकही उरत नाही.

आधी शिकारीचं घेऊ. शहरापासून पंधराएक किलोमीटरवर, फरुखनगरच्या रस्त्याला सुलतानपूरचं तळं आहे. पक्षीनिरीक्षक पीटर जॅक्सन यांनी इंदिरा गांधींना पत्र लिहून या पाणथळीकडे लक्ष वेधलं, १९७१ साली तिथे अभयारण्य झालं, १९९१मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि २०२१मध्ये रामसर स्थळ. तिथून आग्र्याच्या दिशेला भरतपूर. १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवसात व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मेजवानीत तिथे ४,२७३ पक्षी पाडले गेले. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात त्याची शिळा अजून उभी आहे. त्या काळी तो पराक्रम होता. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि हे युग मावळायला लागलं. छोट्या शिकारीसाठी परवाना देण्याची जी फट त्यात राहिली होती, ती १९९१च्या दुरुस्तीनं बुजवली. आज पक्ष्यावर बंदूक रोखणं हा सरळ गुन्हा आहे.

मला त्याचं दुःख नाही. हिवाळ्यात मी सुलतानपूरला दुर्बीण घेऊन जातो. तलवार बदकांचा थवा पाण्यावरून उठतो तेव्हा डोळा आपोआप पुढच्या पक्ष्याच्या चोचीपुढे जाऊन थांबतो, अंतर जोखतो, वारा जोखतो. ती सवय शिकाऱ्याचीच आहे. फक्त तिला मारून दाखवण्याची गरज उरलेली नाही. सलीम अलींचा पक्ष्यांपर्यंतचा प्रवास लहानपणी एअरगननं पाडलेल्या एका चिमणीपासून सुरू झाला, हे आपल्याला ठाऊकच आहे.

आता दुसरं काम, क्ले. गुरुग्रामहून मेहरौली-बदरपूर रस्त्यानं गेलं की तुघलकाबादला डॉ. कर्णी सिंग रेंज लागते. १९८२च्या आशियाई खेळांसाठी ती बांधली. बिकानेरचे महाराजा कर्णी सिंग हे शिकारीच्या परंपरेतले. पण त्यांचं नाव राहिलं ते ट्रॅप या क्लेच्या प्रकारामुळे. १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी रौप्य मिळवलं आणि पाच ऑलिंपिकमध्ये ते खेळले. पुढे २००४मध्ये अथेन्सला राज्यवर्धनसिंग राठोड यांचं डबल ट्रॅपमधलं रौप्य आलं आणि शॉटगन हा खेळ असतो हे देशभर कळलं.

क्ले म्हणजे डांबर आणि चुनखडीच्या भुकटीची बशी. व्यास ११० मिलिमीटर, वजन १०५ ग्रॅमच्या आसपास. ट्रॅपमध्ये नेमबाजांसमोर एक खंदक असतो, त्यात पंधरा यंत्रं. पाच जागा, प्रत्येक जागेसमोर तीन यंत्रं, आणि कुठलं सुटणार ते माहीत नाही. तुम्ही आवाज दिलात की ध्वनियंत्र तो ऐकतं आणि बशी ताशी शंभर किलोमीटरच्या वर वेगानं तुमच्यापासून दूर पळते. दोन बार मारायची मुभा असते; काडतुसात फक्त २४ ग्रॅम छर्रे, म्हणजे तीनशेच्या आसपास दाणे. स्कीटमध्ये बशा दोन्ही बाजूंच्या घरांतून आडव्या जातात, आणि बशी दिसेपर्यंत दस्ता कमरेपाशीच ठेवायचा असतो. हा नियम उगाच आलेला नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये ग्राउजच्या शिकाऱ्यांनी हंगाम नसताना सरावासाठी हा खेळ काढला. रानात पक्षी उठतो तेव्हा बंदूक खांद्याला लावलेली नसते, म्हणून इथेही ती लावायची नाही. शिकारीचं सगळं कौशल्य या खेळात जसंच्या तसं उतरलं आहे. नाही ते फक्त रक्त.

आणि आता ती बातमी, जी ऐकून मुलांचा चहा थंड होतो. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत बारा बोअरपर्यंतच्या सगळ्या गुळगुळीत नळीच्या बंदुका चालतात, सेमी-ऑटोमॅटिकही चालते. पंप चालत नाही. नाव घेऊन वगळलेली आहे. आपल्याकडच्या स्पर्धा याच नियमांवर होतात. म्हणजे पंप घेऊन तुम्ही फार तर सराव कराल. स्पर्धेच्या रांगेत उभं राहता येणार नाही.

रांगेत उभं राहिल्यावर याचं कारणही समजतं. एकावर एक नळ्यांची दुनाळी नेमबाज मधून मोडतो आणि कोपरावर तशीच उघडी ठेवतो. वीस पावलांवरून कोणालाही दिसतं की बंदूक रिकामी आहे. पंपच्या पोटात काय आहे ते लांबून कळत नाही. शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा जीव ज्याच्या सवयीवर टांगलेला आहे, त्या खेळात हे लहान कारण नव्हे. शिवाय दुनाळीत दोन नळ्यांना दोन वेगळे चोक लावता येतात. जवळच्या पहिल्या बारासाठी थोडा मोकळा, लांब गेलेल्या बशीवरच्या दुसऱ्यासाठी आवळलेला. मधे हात हलवावा लागत नाही, गाल दस्त्यावरून उठत नाही.

कायद्याचा हिशेबही मांडायला हवा. शस्त्र कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं ठेवता येतात. पूर्वी तीन ठेवता येत. नामांकित नेमबाजांना वेगळी सवलत आहे, पण पहिली बंदूक घेणारा त्यांत मोडत नाही. दोन जागांपैकी एक पंपनं अडवायची का, हा खरा प्रश्न. व्हिडिओत दिसते ती आखूड, अठरा इंची नळीची पंप तर विसरूनच जा. वीस इंचांहून आखूड गुळगुळीत नळी आपल्याकडे प्रतिबंधित वर्गात मोडते. परदेशातून बंदूक मागवणंही सर्वसामान्याला बंद आहे. ती वाट राष्ट्रीय रायफल संघटनेनं मानलेल्या नामवंत नेमबाजांपुरतीच. मग उरते देशी, सरकारी कारखान्याची बंदूक किंवा जुनी, हात बदलत आलेली परदेशी. २०१९च्या त्याच दुरुस्तीनं लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद केली. हरयाणात राहून हे सांगावं लागतं, कारण परवाना मिळाल्याचे पेढे वाटताच पहिली फर्माईश बहुधा त्याचीच येते.

एवढं झाल्यावर मुलं विचारतात, “मग दुनाळी कुठल्या कंपनीची?” इटलीतल्या पेराझी, बेरेटा ही नावं ओठांवर असतात. मी म्हणतो, कंपनी राहू दे, आधी दस्ता बघ.

रायफलला पुढे माशी असते आणि मागे खाच. शॉटगनला मागची खाच नसतेच. ती जागा तुमचा डोळा घेतो, आणि डोळा कुठे येणार हे ठरवतो दस्ता. नळीच्या टोकाची माशी डोळ्यापासून साधारण मीटरभर लांब. डोळा तीन मिलिमीटर वर किंवा खाली आला की पस्तीस मीटरवर मार दहा-अकरा सेंटिमीटर चुकतो. म्हणजे एका बशीएवढा. दुसऱ्याच्या मापाची बंदूक म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा. दिसतं सगळं, पण असतं तिथे दिसत नाही.

तपासायची रीत सोपी आहे. बंदूक रिकामी आहे हे दोनदा पाहायचं, तोंड मोकळ्या दिशेला. डोळे मिटून ती खांद्याला आणायची, गाल दस्त्यावर टेकवायचा, मान वाकडी करायची नाही. आता डोळे उघडायचे. नळीवरची पट्टी अगदी थोडी चढती आणि माशी बरोबर मध्यावर दिसली तर ट्रॅपसाठी दस्ता जमला, कारण ट्रॅपची बशी वर चढत असते आणि मार किंचित उंच हवा. पट्टी डोंगरासारखी चढलेली दिसली तर दस्ता उंच, बार बशीच्या डोक्यावरून जातील. मागचं लोखंडच डोळ्यापुढे आलं आणि माशी बुडाली तर दस्ता खाली. माशी डावीकडे सरकली तर दस्त्याचं वळण चुकतंय, किंवा तुमचा डावा डोळा उजव्यावर कुरघोडी करतोय. त्यासाठी दोन्ही हात लांब करून तळव्यांमधून त्रिकोण करायचा, दोन्ही डोळ्यांनी लांबचा खांब त्यात धरायचा आणि एकेक डोळा मिटून पाहायचा. ज्या उघड्या डोळ्याला खांब जागेवर दिसतो, तो तुमचा धनी डोळा. तो आणि खांदा विरुद्ध बाजूंना असले तर आधी प्रशिक्षकाशी बोला, मग दुकानात जा.

लांबीचं गुरुग्रामला आणखी एक त्रांगडं आहे. जूनमध्ये पातळ शर्टावर बरोबर बसलेला दस्ता जानेवारीत जाड स्वेटरवर लांब होतो, काखेत अडकतो आणि बंदूक उशिरा वर येते. जानेवारीत धुक्यातून बशी आधीच उशिरा दिसते, त्यात हे. म्हणून जाणती मंडळी मागच्या रबराच्या दोन जाड्या जवळ बाळगतात आणि ऋतूप्रमाणे बदलतात. परदेशी दस्ता युरोपीय बांध्यासाठी केलेला असतो. आपल्या उंचीला तो बहुतेकदा लांबच पडतो. बारीक कापून घेता येतो. पण कापलेला जोडता येत नाही, म्हणून थोडा-थोडाच कापायचा.

रेंजवरच्या या जगात मराठी माणूस तसा कमी. अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, पॅरिस ऑलिंपिकला कांस्य घेणारा स्वप्नील कुसाळे. आपली सगळी मोठी नावं रायफलची नाही तर पिस्तुलाची. एअर रायफलचं मैदान दहा मीटरच्या हॉलमध्ये मावतं. क्लेला दोन-अडीचशे मीटर मोकळी जमीन लागते, आणि प्रत्येक बारामागे एक काडतूस जळतं. जमीनजुमला आणि शिकारीची परंपरा जिथे होती, तिथे हा खेळ रुजला. म्हणून शॉटगनची नावं पंजाब-राजस्थानकडची. पॅरिसला मिश्र स्कीटमध्ये एका बशीनं कांस्य हुकलेले माहेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंग नारुका दोघंही राजस्थानचे.

पण खेळाच्या पायात मराठी दगड आहेतच. १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना उभी केली ती लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळणकर यांनी. मूळ घर संगमेश्वरजवळचं, कर्मभूमी अहमदाबाद. राष्ट्रीय स्पर्धेच्या वाटेवर असलेल्या नेमबाजांना आजही त्यांच्या नावाची स्पर्धा खेळावी लागते. ‘मावळणकर निघाली का?’ असं पंजाबी मुलं एकमेकांना विचारतात तेव्हा मला गंमत वाटते. आणि या देशात बारा बोअरवाल्यानं खांद्यावर झेललेलं ‘शक्तिमान’ काडतूस पुण्याच्या खडकी दारूगोळा कारखान्यातलं. १८६९पासूनचा तो कारखाना. बँकेच्या दारातल्या चौकीदाराच्या पट्ट्यातही बहुधा तेच असतं.

तर सल्ला इतकाच. परवान्याचा अर्ज करा. वय एकवीस पूर्ण हवं, पोलीस चौकशी, डॉक्टरी दाखला आणि शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो. कागद फिरायला वेळ लागतो आणि त्यावर सगळेच कुरकुरतात. मी म्हणतो, हा वेळ वाया घालवू नका. तेवढ्या काळात प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली क्लबची बंदूक चालवा, वेगवेगळे दस्ते गालाला लावा, धनी डोळा ओळखा, आपली मापं वहीत लिहा. स्कीटच्या आडव्या बशीच्या मीटरभर पुढे बंदूक न्यायची आणि चाप ओढल्यावरही ती थांबवायची नाही, हे अंगवळणी पडू द्या. परवाना हातात येईल तेव्हा वहीत लांबी, उंची आणि वळण असे तीन आकडे असतील. ते तीन आकडे घेऊन दुकानात गेलेल्याला दुकानदार नळीवरची नक्षी दाखवून भुलवू शकत नाही.