पाबळ : हाताने शिकण्याची शाळा

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ हे गाव आहे. मस्तानीच्या कबरीमुळे लोक ते ओळखतात. आम्ही चौघे कार्यकर्ते मात्र तेथील विज्ञान आश्रम पाहण्यास गेलो. शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी कंपनीतील नोकरी सोडून १९८३ साली तो सुरू केला. २००३ साली ते गेले. काम चालू आहे.

शाळा सुटलेली मुले येथे वेल्डिंग, वीजकाम, शेती शिकतात. काम आधी, पुस्तक मागून. जुन्या जीपचे सुटे भाग वापरून येथे ‘मेकबुल’ नावाचा छोटा ट्रॅक्टर तयार झाला होता. २००२ साली अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने येथे फॅब लॅब आली.

घरी अवजार करणे आपल्याला नवे नाही. ट्रकचा कमानपाटा लाल तापवून ठोकला की कोयता होतो. पाणी पाजले की पोलाद कडक होते; पण ठिसूळही होते, म्हणून पुन्हा हलके तापवावे लागते. हे बापजाद्यांच्या हाताला ठाऊक होते. त्यामागचे कारण त्यांना कोणी शिकवले नाही, आणि कारण शिकलेल्यांनी घण उचलला नाही. पाबळला दोन्ही एकाच छपराखाली शिकवतात.

आपल्या वस्तीत दहावी नापास मुलगा ‘वाया गेला’ ठरतो आणि मालकाच्या गॅरेजात मालकाच्याच पान्याने राबतो. पालक बंधू-भगिनींनी अशा मुलाला शिव्या देण्यापूर्वी, आधी विचारणा करून, एकदा पाबळ दाखवून आणावे.